परक्या नावांचा घरोबा

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील अथवा इंदिरानगरातील एखाद्या बालवाडीचा हजेरीपट चाळला, तर कियारा, मायरा, मिया, रिया, विवान, रियान, रेयांश अशी नावे आज ओळीने भेटतात. क्वचित एखादी लूनाही आढळते. याच मुलांच्या आईबापांच्या पिढीत प्राजक्ता, स्नेहल, अमोल, योगेश होते; आजीआजोबांच्या पिढीत अनिता, सुनंदा, अशोक, रमेश; आणि पणजीच्या पिढीत गोदावरी, भागीरथी, त्र्यंबक. शंभर-सव्वाशे वर्षांत एका शहराच्या पाळण्यांतील नावे अशी पुनःपुन्हा पालटली. त्यांतील शेवटचा पालट मात्र अनेकांच्या डोळ्यांत खुपतो. ही नावे स्पॅनिश, इटालियन, आयरिश अशा कोणकोणत्या मुळांची आहेत, आजीच्या जिभेवर ती बसत नाहीत, त्यांचा अर्थ धड कोणाला सांगता येत नाही आणि माणसापेक्षा औषधाच्या बाटलीवरच ती अधिक शोभतील, अशी टीका लग्नकार्यात, शिक्षकांच्या खोलीत आणि ज्येष्ठांच्या कट्ट्यावर सर्रास ऐकू येते.

ही तक्रार समजण्याजोगी आहे; तिचे निदान मात्र चुकलेले आहे. परकेपण हा नावाचा फार अल्पायुषी गुण असतो. एका पिढीत, फार तर दोन पिढ्यांत, तो झिजून जातो आणि नाव घरचे होते. ते नाव कोणी ठेवले, कोणाकडे पाहून ठेवले आणि ज्याला ते जन्मभर वागवावयाचे त्याचा विचार त्यात किती होता, या गोष्टी मात्र सहजासहजी झिजत नाहीत.

हा विचार आजच करण्याला कारणही आहे. जन्म व मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी अशा ठिकाणी जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्माचे प्रमाणपत्र हाच दस्तऐवज ठरला आहे. बारशाच्या दिवशी हौसेने ठरविलेल्या नावाला आणि त्याच्या रोमन लिपीतील स्पेलिंगला त्यामुळे पूर्वी कधी नव्हते एवढे वजन आले. त्यापाठोपाठ १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले. पाळण्याच्या दोरीशी आता शासनाचाही हात पोचला आहे. केवळ आत्याच्या मानापुरता हा विषय उरलेला नाही.

परक्या नावांचे पुढे काय होते, याचा पुरावा शोधण्यासाठी नाशिककरांना लांब जावे लागत नाही. मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर जी लेणी आहेत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, त्यांतील सतराव्या लेण्यात एका दात्याचा ब्राह्मी शिलालेख आहे. हा दाता स्वतःला योनक, म्हणजे यवन, म्हणवितो आणि आपण उत्तरेकडील दात्तामित्रीचे रहिवासी असल्याचे सांगतो. या ग्रीक म्हणविणाऱ्या गृहस्थाचे नाव आहे इंद्राग्निदत्त. त्याच्या वडिलांचे धर्मदेव आणि मुलाचे धर्मरक्षित. तीन पिढ्यांत एकही ग्रीक नाव नाही. जवळच दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. नहपान हे नाव इराणी वळणाचे आणि उषवदाताच्या वडिलांचे दीनीक हे नावही येथल्या मातीतले नव्हे. परंतु नहपानाच्या मुलीचे नाव दक्षमित्रा आहे आणि उषवदात म्हणजे ऋषभदत्त. राज्य करावयास आलेले शक घराणे एका पिढीच्या आत नावाने येथले झाले होते. नातीला हे कसले संस्कृत नाव ठेवले, असा उसासा एखाद्या शक वृद्धेने त्या काळी टाकला असेल की काय, याची नोंद शिलालेखात नाही. पण टाकलाच नसेल असे मानण्याचेही कारण नाही.

उलट दिशेने आलेल्या नावांची हकीगतही तशीच. ज्या नावावर आज कोणी बोट ठेवणार नाही असे 'अनिता' हे नाव घ्या. 'आना' या नावाला लाडाचा 'इता' जोडून स्पॅनिश भाषेने ते घडविले; मराठीत सांगावयाचे तर 'छोटी आना'. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ते मराठी घरांत असे शिरले की एकेका वर्गात तीन-तीन अनिता बसत आणि शिक्षकांना आडनावाने हाक मारावी लागे. पुढे त्याला संस्कृत व्युत्पत्ती शोधण्याचे प्रयत्नही झाले; आधी घरोबा आणि मागाहून कुळी, असा हा प्रकार. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या १९४२ साली व्हिएन्नात जन्मलेल्या कन्येचे नावही अनिताच. युरोपीय आई आणि बंगाली वडील यांच्या मुलीला दोन्हीकडे खपून जाणारे नाव याहून सोयीचे मिळाले नसते. 'रिया'चेही असेच. नदीचे बुडालेले मुख, म्हणजे खाडी, असा या शब्दाचा स्पॅनिशमधील अर्थ आहे आणि 'रिया किनारा' ही संज्ञा भूगोलाचे शिक्षक फळ्यावर कित्येक वर्षे लिहीत आले आहेत. त्याच वर्गातील रिया ते ऐकून दचकत नाही.

मराठी माणसाच्या तोंडी रोज येणाऱ्या इबेरियन नावांचा हिशेब मांडला तर तो फक्त पाळण्यापुरता राहणार नाही. हापूस हे आफोन्सो या नावाचे मराठी रूप. पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकर्क याच्यावरून ते आंब्याला पडले असे मानले जाते. म्हणजे दर वैशाखात घरोघर एका पोर्तुगीज पुरुषाचे नाव अत्यंत प्रेमाने घेतले जाते. वसईचे मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे नाव आणि आडनाव दोन्ही पोर्तुगीज धर्मप्रसाराच्या वाटेने आलेली. साहित्य मात्र मराठी. आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला हवामानाच्या अंदाजातून परिचित झालेले 'एल निनो' म्हणजे तरी काय? स्पॅनिशमध्ये 'छोटा मुलगा', अर्थात बाळ येशू. नाताळाच्या सुमारास पेरूच्या किनाऱ्याशी येणाऱ्या उष्ण प्रवाहाला तेथील कोळ्यांनी ठेवलेले हे बाळाचे नाव. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा त्या बाळाचे प्रताप नाशिक जिल्ह्याने चांगलेच अनुभवले.

तेव्हा परकेपणाची धास्ती बाजूला ठेवून नाव ठेवण्याच्या अधिकाराकडे वळावयास हवे, कारण खरा इतिहास तेथे आहे आणि तो गोड नाही. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सा उत्पन्न करणारे असावे, असा दंडक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात घालून दिलेला आहे. धोंडू, दगडू, केरबा या नावांमागे काही घरांत मूल जगावे म्हणून दृष्ट चुकविण्याची माया होती, हे खरे. परंतु ती नावे काही विशिष्ट वस्त्यांतच पिढ्यान्‌पिढ्या का साठून राहिली, याचे उत्तर मायेने मिळत नाही. नावावरून माणसाची पायरी कळावी अशी ती व्यवस्था होती. जन्मतःच कपाळावर मारलेला शिक्का पुसण्याचा हक्क त्या माणसाला नव्हता.

मुलींच्या बाबतीत ही क्रूरता अधिक उघडी होती. सातारा जिल्ह्यात मुलगा व्हावा म्हणून नकोशा झालेल्या मुलीचे नावच 'नकुशा' ठेवण्याची चाल होती. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने २८० हून अधिक नकुशांचे समारंभपूर्वक नामांतर केले. आपले नवे नाव काय असावे, असे त्या मुलींना विचारण्यात आले आणि काहींनी चित्रपटातील नटीचे नाव सांगितले. सुसंस्कृत वाचकाला यात थिल्लरपणा दिसेल. परंतु 'नको' या क्रियापदाने ज्या मुलीला दहा-पंधरा वर्षे हाक मारली गेली, तिने पडद्यावरचे सर्वांत झगझगीत नाव उचलले, तर तिच्या निवडीवर हसण्याचा अधिकार तिला ते पहिले नाव ठेवणाऱ्या समाजाला उरत नाही.

नाशिकमध्ये याच्याही आधी एक नामकरण घडले आहे आणि त्याची आठवण शहराला फारशी राहिलेली नाही. शरणपूर रस्ता आज दुकाने, रुग्णालये आणि शिकवण्यांच्या वर्गांसाठी ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे चर्च मिशनरी सोसायटीची ख्रिस्ती वसाहत होती. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडविलेली आफ्रिकन मुले मुंबईत उतरविली जात आणि त्यांतील अनेक जण शरणपूरला पाठविले जात. तेथे त्यांना सुतारकी, लोहारकी आणि अक्षरओळख शिकवून बाप्तिस्मा दिला जाई. याओ जमातीतील चेंगविंबे नावाचा मुलगा असाच मॅथ्यू वेलिंग्टन झाला. जेकब वेनराइट हाही शरणपुरातच शिकलेला. १८७३ च्या मे महिन्यात आफ्रिकेच्या अंतर्भागात डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला, तेव्हा अंत्यप्रार्थना वाचणारा आणि झाडाच्या खोडावर मृत्यूचा लेख कोरणारा हाच वेनराइट. पुढील वर्षी १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. 'नासिक बॉइज' म्हणून ही मुले इतिहासात नोंदली गेली. गुलामगिरीतून मुक्त करणाऱ्यांनी त्यांना कसब दिले, अन्न दिले, अक्षर दिले. आणि त्याच हाताने त्यांची नावे काढून घेतली. चेंगविंबे या शब्दाचा अर्थ विचारण्याची गरज तेथे कोणाला भासली नसावी. वेलिंग्टन हे नाव युरोपीय होते म्हणून त्यात दोष नव्हता. ते ज्याच्यावर पडले त्याला कोणी विचारले नव्हते, दोष तेथे होता.

या कसोटीवर 'मिलिंद' हे नाव लावून पाहावे. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. भिक्खू नागसेनाशी झालेल्या त्याच्या संवादांवरचा पाली ग्रंथ प्रसिद्धच आहे. तेव्हाच्या औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मिलिंद' हे नाव दिले आणि परिसराला 'नागसेनवन'. उत्तरे देणाऱ्याइतकाच प्रश्न विचारणाराही त्यांना मोलाचा वाटला असला पाहिजे. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सुरू झालेला सत्याग्रह आणि याच जिल्ह्यातील येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी झालेली धर्मांतराची घोषणा यांचा प्रवास १९५६ च्या दीक्षेपर्यंत पोचला. त्यानंतरच्या पिढीत राहुल, गौतम, सिद्धार्थ, सुजाता, संघमित्रा यांच्याबरोबर मिलिंदही घरोघर जन्मला. मनुस्मृतीने नेमून दिलेली नावे टाकून एका समाजाने स्वतःची नावे स्वतः निवडली आणि त्या निवडीत एक नाव मुळात ग्रीक निघाले. ते परके आहे, असे म्हणण्याची आज कोणाची छाती होणार नाही. किंबहुना पुढे सर्व जातींनी ते उचलले.

याच कसोटीवर आजची कियारा आणि आजचा विवान कोठे उतरतात? त्यांची नावे कोणी लादलेली नाहीत. आईबापांनी आवडीने ठेवलेली आहेत. एवढ्यापुरती ही नावे निर्दोष मानावयास हवीत. परंतु निवड मोकळी असली म्हणजे ती डोळसही असते, असे नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे, तर नाव ही कुटुंबाला मिळणारी सर्वांत स्वस्त वस्तू. किंमत शून्य आणि टिकाऊपणा आयुष्यभराचा. अशा वस्तूची प्रतिष्ठा दुर्मीळपणावर उभी असते, आणि दुर्मीळपणा हाती येताच नाहीसा होतो. शेजाऱ्यांत कोणाचे नसेल असे नाव हवे म्हणून शंभर जोडपी भ्रमणध्वनीवरच्या एकाच यादीपाशी पोचतात आणि तीन वर्षांनी बालवाडीत चार मायरा एकमेकींकडे पाहत बसतात. अनिताच्या वेळी तरी दुसरे काय झाले होते? नक्षत्राच्या चार चरणांची मिळून १०८ अक्षरे पंचांगात दिलेली असतात. त्या अक्षराशी जुळणारे, अडीच अक्षरांचे, 'आ'कारान्त आणि इंग्रजीत सुटसुटीत लिहिता येणारे नाव, एवढ्या अटी घातल्यावर वेगळेपणाला जागा तरी किती उरणार?

याच बाजारात अर्थांचाही व्यापार चालतो आणि तो अधिक शंकास्पद आहे. कियारा या नावाचा 'तेजस्वी' असा अर्थ एका यादीत मिळतो आणि 'काळ्याभोर केसांची' असा दुसरीत. पहिल्याचे मूळ इटालियन 'किआरा' आणि दुसऱ्याचे आयरिश 'किआरा'. एकीचा अर्थ उजेड, दुसरीचा काळोख. प्रत्यक्षात ते नाव येथे दोन्ही देशांतून आले नसून २०१० सालच्या 'अंजाना अंजानी' या चित्रपटाच्या नायिकेने आणि पुढे ते नाव घेतलेल्या अभिनेत्रीने लोकप्रिय केले. मायरा हे नाव सोळाव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने आपल्या प्रेयसीसाठी रचले. राजस्थानात मात्र 'मायरा' म्हणजे भाचरांच्या लग्नात मामाने करावयाचा आहेर. विवान म्हणजे सूर्य, असे ठोकून दिले जाते. सूर्याचे संस्कृत नाव विवस्वान. 'विवान'शी अक्षरशः जुळणारा शब्द स्पॅनिशमध्ये आहे, तो 'चिरायू होवोत' या अर्थाच्या घोषणेचा. लग्नघरी वधूवरांच्या नावाने तेथे हीच आरोळी उठते. अर्थ म्हणून तो वाईट नाही. फक्त तो यादीत दिलेला नसतो. गंमत अशी की सर्व नावांना मंगल अर्थ हवा हा आग्रह खुद्द स्पेनमध्ये नाही. डोलोरेस म्हणजे दुःखे आणि सोलेदाद म्हणजे एकटेपण. मेरी मातेच्या भक्तीतून आलेली ही नावे तेथील आयांनी शतकानुशतके लाडक्या लेकींना ठेवली. लूना म्हणजे चंद्र हे खरे; पण १९७२ पासून रस्त्यावर धावणारी पुण्याची लूना ज्यांनी पाहिली आहे, त्या आजोबांच्या कानात ते नाव आधी फटफटच करणार.

नाव 'बाहेर' चालले पाहिजे, हे या निवडीमागचे सर्वांत जास्त सांगितले जाणारे कारण. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे कारण लागू आहे. दर वर्षी नव्या शिक्षकाला आपले नाव तीनदा सांगावे लागणाऱ्या मुलाची कोंडी खरी असते; माया, नीना, रोहन, नील अशी दोन्ही काठांना पोचणारी नावे त्यांनी निवडली, तर त्यात शहाणपण आहे. तरीही सर्व जगात चालणारे नाव असे काही नसते. स्पॅनिश माणूस विवानला 'बिबान' म्हणेल, 'रोहन'मधला 'ह' गिळून टाकील, माला या नावाने गोंधळेल (त्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'वाईट') आणि मीरा म्हटले की कोठे तरी पाहू लागेल, कारण त्याच्या लेखी ते 'बघ' आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या आणि मुलाला येथल्याच शाळेत घालणाऱ्या कुटुंबाने अशा न भेटलेल्या कारकुनाच्या सोयीसाठी नाव बेतावे, हे मात्र चमत्कारिक आहे. त्या मुलाची गाठ आधी महापालिकेच्या जन्मनोंदणी विभागाशी पडणार आहे. तेथे कियाराचे स्पेलिंग तीन तऱ्हांनी लिहिले जाऊ शकते. प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे पडले, की पुढची दहा वर्षे प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्र यांत जातात. वास्तविक कायदा घाई करावयास सांगत नाही. जन्माची वर्दी २१ दिवसांत द्यावी लागते. नाव मात्र बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नोंदविता येते.

बाजारात नावाचे मोल असते, हे नाशिकला कोणी शिकवावयास नको. येथल्या वेलींवर रशियाकडून आलेल्या 'किशमिश चोर्नी'चा महाराष्ट्रात निवडलेला वाण 'शरद सीडलेस' या देशी नावाने पिकतो. आणि गंगापूर धरणाजवळ १९९९ साली स्थापन झालेल्या वाइन कंपनीचे 'सुला' हे नाव स्पॅनिश किंवा इटालियन वाटते खरे, पण ते संस्थापकाच्या आईच्या 'सुलभा' या चांगल्या मराठी नावाचे शेपूट छाटून केलेले आहे. परदेशी द्राक्षाला मराठी नाव आणि मराठी नावाला परदेशी ऐट, हे दोन्ही व्यवहार एकाच जिल्ह्यात सुखाने नांदतात.

नव्या नावांमागचे आणखी एक कारण उघडपणे फारसे सांगितले जात नाही, पण ते सर्वांत वजनदार आहे. मिया या नावावरून मियाची जात कळत नाही. टीकाकार ज्याला मूळहीनता म्हणतात, तीच कित्येक घरांना हवी आहे. ज्यांच्या आजोबांना नावाने हिणविले गेले, त्यांनी नातीसाठी पाटी कोरी असलेले नाव शोधले तर त्यांना संस्कृतीचे धडे देणे शोभत नाही. अडचण एवढीच की हा उपाय अर्ध्या वाटेवर थांबतो. नावाचा रोजगारावर होणारा परिणाम अमेरिकेत मारियान बर्ट्रँड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसला होता. सारख्याच पात्रतेच्या अर्जांपैकी गोऱ्यांच्या वळणाच्या नावांना काळ्यांच्या वळणाच्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली भारतातील खासगी कंपन्यांकडे असेच अर्ज पाठवून पाहिले. समान पात्रता असूनही दलित नावांच्या उमेदवारांना उच्चवर्णीय नावांच्या मानाने बोलावणी येण्याची शक्यता कमी आढळली आणि मुस्लिम नावांच्या उमेदवारांना त्याहूनही कमी. येथे जातीची खूण बहुतेक वेळा आडनावात असते. कियारा कितीही गोंडस असली, तरी अर्ज उघडणाऱ्याची नजर दोन शब्द ओलांडून शेवटच्या शब्दावर जाऊन थांबते. नाव बदलणे पालकांच्या हाती आहे. ती नजर बदलणे नाही, आणि ते काम नोकरी देणाऱ्यांचे व कायद्याचे आहे.

स्पेनकडून नावे घेण्याची हौसच असेल, तर तेथील नावांचा इतिहासही सोबत घ्यावा. फ्रँकोच्या राजवटीत १९३८ च्या एका आदेशाने बास्क आणि कॅटलान भाषांतील नावांची नोंदणी बंद करण्यात आली आणि कॅस्टिलियन रूपेच सक्तीची झाली. स्वतःच्या भाषेतले नाव मुलाला कायदेशीरपणे ठेवता यावे, यासाठी तेथील पालकांना जानेवारी १९७७ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. १५४२ साली गोव्यात उतरलेल्या संत फ्रान्सिस झेवियरचे नाव याच बास्क भाषेतले. 'नवे घर' असा त्याचा अर्थ. वसईजवळचे नवघर किंवा मराठवाड्यातील नवघरे हे आडनाव यांचा तो अक्षरशः सोयरा.

स्पेनमधली एक रीत मात्र खरोखर घेण्याजोगी होती. तेथे मूल आईचे आणि वडिलांचे अशी दोन आडनावे लावते आणि लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलत नाही. कोणाचे आडनाव आधी यावे हे ठरविण्याची मुभा १९९९ मध्ये मिळाली आणि २०१७ पासून वडिलांच्या आडनावाचे आपोआप येणारे अग्रस्थानही गेले. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचे नवे नाव लिहिण्याची हौस अजून पुरती ओसरलेली नाही. तेव्हा चेंगविंबेची गोष्ट केवळ मिशनऱ्यांची म्हणून सोडून देता येत नाही. या पार्श्वभूमीवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हा महाराष्ट्र शासनाने घातलेला क्रम नामांकनाच्या शास्त्रात मोठी घटना आहे. कियारा की कावेरी यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी या क्रमावर झाली नाही. वास्तविक नाशिकला तो नवा वाटू नये. त्रिरश्मीच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची कीर्ती कोरविली आहे, आणि तो मुलगा इतिहासात गौतमीपुत्र सातकर्णी म्हणूनच ओळखला जातो. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावि. अर्थात त्या काळी आईचे नाव लावले म्हणून राज्य तिच्या हाती आले नव्हते. ते नाव आईच्या कुळाचे म्हणजे पुन्हा तिच्या वडिलांच्या गोत्राचे होते, आणि गादी मुलाकडेच गेली. २०२४ च्या निर्णयातही विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव लावण्याची प्रचलित पद्धत कायम ठेवण्यात आली आहे.

शिवाय नियम १ मे २०२४ च्या पुढच्या जन्मांनाच बंधनकारक असल्याने एकाच घरात दोन तऱ्हांची भावंडे वाढत आहेत. थोरल्या विवानच्या दाखल्यावर नाव, वडील आणि आडनाव. धाकट्या मियाच्या दाखल्यावर मध्ये आईही. दोघे एकाच शाळेत जातील, तेव्हा मुख्याध्यापकांच्या टेबलावर दोन अर्ज शेजारी शेजारी येतील आणि आईचे नाव एकावर असून दुसऱ्यावर का नाही, हे त्या मुलांना कोणी तरी सांगावे लागेल.